फरशी बघून घ्यावा स्टँड

नांदेडला मी घरीच गिटार शिकवते आणि शनिवार-रविवारी लातूरला औसा रोडवर एका खोलीत वर्ग घेते. गिटार कोणती घ्यावी हे विचारायला पालक आवर्जून येतात. ती घरी आल्यावर ठेवायची कुठं, हा प्रश्न मात्र एखादा ओरखडा पडल्यावर किंवा डोक्याची खुंटी वाकल्यावर येतो. "मॅडम, स्वस्तातला एखादा स्टँड सांगा ना." दुकानदार गिटारीचा आकार विचारून स्टँड देतो. माझा अनुभव असा की शिकणाऱ्यांच्या गिटारी बहुतेक सारख्याच असतात. घरं वेगळी असतात. म्हणून मी आधी घराची चौकशी करते. फरशी कसली, भिंत कशाची, लेकरू केवढं, कूलर कुठं बसतो, घरात येणं-जाणं किती. त्यातून जे शिकले ते इथं मांडते आहे.

१. गिटार बॅगेत गेली की सराव मागे पडतो.

हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत बघितलं आहे की आता पहिल्या आठवड्यातच पालकांना सांगते. बॅग दिवाणाखाली असते. दिवाणावर आजोबा झोपलेले असतात. मग त्यांना उठवा, बॅग ओढा, चेन उघडा, सूर लावा. एवढं करेपर्यंत मुलाची वाजवायची इच्छा निघून जाते. लातूरला बाहेरगावाहून अभ्यासाला आलेली पोरं बघा. अकरावी-बारावी, नीटची तयारी, एका खोलीत दोन-तीन खाटा. त्यांच्याकडे गिटारसाठी सलग तास कधीच नसतो. दोन विषयांच्या मधली दहा मिनिटं असतात. गिटार हाताशी उभी असेल तर ती दहा मिनिटं तिला मिळतात, आणि त्या वयात, त्या ताणात, ती मिळायला हवीत असं मला मनापासून वाटतं. स्टँडवर घातलेले पाच-सातशे रुपये वसूल होतात ते इथं. गिटार सुरक्षित राहणं हा त्याचा दुसरा फायदा.

२. भिंतीवर टांगायचा हुक आपल्याकडे प्रत्येक घरात चालत नाही.

भिंतीवरचा हुक सगळ्यात स्वस्त, जागाही अडवत नाही, हे खरं. पण त्याला भिंत तशी लागते. नांदेड-लातूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये आणि तालुक्याच्या गावी अजून दगड-मातीच्या जाड भिंती आहेत, वर माळवद आहे. अशा भिंतीत ड्रिल मारलं की आतली माती भुरभुरते, प्लग धरत नाही. हुक आज बसतो आणि तीन महिन्यांनी सैल होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत याच जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं माणसांवर कोसळलं. त्यानंतर पुनर्वसनाची घरं पक्की बांधली गेली, पण जुनी घरं सगळीच गेली नाहीत. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला होता. पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर हुक खुशाल लावा. मातीची असेल तर तिच्यावर दोन किलोचं वाद्य डोक्याच्या उंचीवर टांगू नका.

भाड्याच्या खोलीचा प्रश्न निराळाच. घरमालक खिळादेखील ठोकू देत नाहीत. तिथं जमिनीवरचा स्टँड हाच मार्ग.

३. शहाबादी फरशीवर तीन पाय.

दुकानातली फरशी आरशासारखी सपाट असते, म्हणून तिथं प्रत्येक स्टँड स्थिर दिसतो. आपल्या घरी शहाबादी असते. शहाबाद इथून लांब नाही, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथली फरशी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत आली. उन्हाळ्यात ती पायाला गार लागते, पण ती कधीच पूर्ण सपाट नसते. दोन फरश्यांच्या सांध्यात उंचसखलपणा असतो, जुन्या घरात एखादी फरशी खचलेली असते. चार पायांचा लाकडी स्टँड अशा ठिकाणी ठेवला की एक पाय अधांतरी राहतो आणि पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा तो डुगडुगतो. तीन पायांचं तसं होत नाही. तीन बिंदू कुठल्याही खडबडीत जागी एकाच वेळी टेकतात. मोजणीवाल्यांच्या यंत्राची तिवई तीन पायांची असते ती याच कारणाने.

फरशी गुळगुळीत टाइल्सची असेल तर चार पायांचाही चालेल. तिथं बघायचं ते पायाखालचं रबर. सकाळी फरशी पुसल्यावर ओल राहते, आणि घट्ट प्लॅस्टिकच्या टोप्या ओल्या टाइल्सवर सरकतात. रबरी टोपी नखाने दाबून बघा. थोडी दबली पाहिजे. दोन-तीन उन्हाळ्यांत ती कडक होऊन चिरते. मग स्टँड टाकून देऊ नका. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ती रबरी टोपी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाइपची जाडी मोजून न्या, बहुतेक बसते.

४. धक्क्याचं गणित एकदा करून बघा.

यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण पडलेल्या गिटारी मी पुष्कळ बघितल्या आणि जवळजवळ सगळ्यांचं कारण हे एकच होतं.

साधी अकूस्टिक गिटार दोन किलोंच्या आसपास भरते. स्वस्त स्टँड किलोभराचा. म्हणजे एकूण तीन किलो. स्टँडचा प्रत्येक पाय मध्यापासून ३० सेंटिमीटर लांब पसरलेला आहे असं धरू. आपल्याला वाटतं, चांगला फूटभर घेर आहे. पण तीन पायांचा स्टँड पायाच्या दिशेने पडत नाही, दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूने पडतो. त्या दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त १५ सेंटिमीटरवर असते. गिटारीचं डोकं जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर आलं, तर तिथं साधारण ४०० ग्रॅमचा जोर पुरतो. चारशे ग्रॅम म्हणजे रांगतं लेकरू उभं राहण्यासाठी जो हात टेकतं त्याहूनही कमी.

आता पाय ४० सेंटिमीटर पसरणारा घेतला, तर तोच जोर साडेपाचशे ग्रॅमच्या जवळ जातो. स्टँड जड असला तर आणखी वाढतो. म्हणून दुकानात मी तीन गोष्टी बघायला सांगते: पाय किती पसरतात, स्टँड हातात जड लागतो का, आणि गिटार ठेवल्यावर ती किती उंच जाते. खालच्या आडव्या दांड्या जेवढ्या जमिनीलगत तेवढं बरं. मधला दांडा वर-खाली होत असेल तर तो गिटारीला पुरेल इतपतच वर घ्या.

दुकानात गिटार स्टँडवर ठेवून दोन पायांच्या मधल्या बाजूने, डोक्याशी एका बोटाने हलकेच ढकला. दुसरा हात मागे तयार ठेवा. दुकानदाराला आवडो न आवडो, हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. मान धरणारा की नुसता बुड धरणारा?

स्वस्तात दोन प्रकार मिळतात. एक बुटका, घडीचा, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा. तो गिटारीचं फक्त बुड आणि पाठ धरतो. दुसरा उंच, तीन पायांचा, ज्याला वर मानेसाठी दुबेळकं असतं. लहान लेकरं नसलेल्या घरात, किंवा एकट्या विद्यार्थ्याच्या खोलीत, बुटका छान. खाटेच्या पायथ्याशी मावतो, घडी करून बॅगेच्या खिशात जातो. लेकरं असतील, आला-गेला असेल, तर मान धरणारा घ्या, आणि दुबेळक्यावर आडवी रबरी पट्टी किंवा लॉक असलेला घ्या. लेकरू गिटार आपल्याकडे ओढतं, ढकलत नाही. उघड्या दुबेळक्यातून ती पुढे सहज येते.

इलेक्ट्रिक गिटार पातळ असते. अकूस्टिकच्या फुगीर अंगासाठी केलेल्या बुटक्या स्टँडमध्ये ती पुढे-मागे हलते. मुलगा पुढे इलेक्ट्रिक घेणार असेल तर दांड्यांची खोली बघून घ्या.

पालक आणखी एक विचारतात: उभी ठेवून मान वाकेल का? नाही वाकत. स्टीलच्या तारांच्या साध्या संचाची मानेवर एकूण ७० किलोंच्या आसपास ओढ असते, आणि मान ती ओढ रात्रंदिवस सहन करते. दुबेळक्यावर टेकण्याचा भार त्यापुढे काहीच नाही. रोज रात्री तारा ढिल्या करायचीही गरज नाही.

६. काळा फोम आणि आपला मे महिना.

स्टँडच्या दांड्यांवर काळा फोम किंवा रबर असतं. थंड प्रदेशात ते वर्षानुवर्षं तसंच राहत असेल. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्या उष्णतेत हलक्या प्रतीचा फोम चिकट होतो, गिटारीच्या अंगावर काळसर डाग सोडतो, कधी पॉलिशला घट्ट चिकटून बसतो. महागड्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असतं, त्याची आणि रबराची तर रासायनिक प्रक्रियाच होते आणि पॉलिश मऊ पडून खराब होतं. शिकणाऱ्यांच्या गिटारींवर बहुधा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं, ते बरंच टिकतं. तरी जिथं जिथं दांडा गिटारीला लागतो तिथं जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने शिवून टाका. धोतराचं किंवा जुन्या सुती साडीचं कापड उत्तम. धुवून धुवून त्यातली खळ गेलेली असते. चिकटपट्टीने चिकटवू नका, तिचा गोंदही उन्हाळ्यात वितळून बाहेर येतो.

७. उन्हाळ्यात स्टँड दिवसा, बॅग रात्री.

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. लाकूड आकसतं. पहिली खूण फ्रेटच्या टोकांवर कळते: मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की ती टोचायला लागतात, कारण लाकूड आत गेलं आणि धातू होता तिथंच राहिला. मग वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला घासून झणझणतात. मुलाला वाटतं आपलंच बोट नीट बसत नाही. लेकराला दोष देण्याआधी गिटारीची कड चाचपून बघा.

पूर्ण प्लायवूडच्या गिटारी हे बरंच सोसतात. वरची फळी एकसंध लाकडाची असेल तर मार्चपासून मृग बरसेपर्यंत वाजवून झाल्यावर ती बॅगेत किंवा पेटीतच जाऊ द्या. स्टँड फक्त सरावाच्या वेळी. पहिल्या मुद्द्याच्या हे उलट आहे, मला कळतं. पण वर्षातले तीन महिने सवयीपेक्षा लाकूड सांभाळायला हवं.

कूलरच्या झोतात स्टँड कधीही ठेवू नका. पुष्कळांना वाटतं, कूलर ओलावा देतो तर बरंच आहे. ओलाव्यापेक्षा चढउतार वाईट. कूलर चालू असताना ओली हवा थेट लाकडावर, लाइट गेली की तासाभरात परत कोरडी. आणि तो ओलावा तरी हक्काचा कुठं असतो? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. प्यायलाच मारामार, तिथं कूलरमध्ये कोण ओतणार? ज्या मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथूनच तेव्हा आपल्याला पाणी आलं होतं, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. घरातल्या दोन आतल्या भिंतींचा कोपरा सगळ्यात चांगला. दोन बाजूंनी पडायला जागा नाही, ऊन नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा.

८. पावसाळ्यात स्टँडच बरा.

बॅगेत कोंडून ठेवलेल्या गिटारीला श्रावणात बुरशीचा वास येतो. बाहेर वारा लागतो. फक्त ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब.

९. वाद्य जमिनीवर नको, हे घरातली मोठी माणसं बरोबरच सांगतात.

आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा वीणा सातही दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याप्रमाणे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रीसुद्धा. खंडेनवमीला घरातल्या पेटी-तबल्याला हळदीकुंकू लागतं, आणि आता गिटारीलाही लागतं. अशा घरात गिटार स्टँडवर ठेवली तरी ती वाटेत असली की कुणाचा तरी पाय लागतो आणि आजीचा जीव कासावीस होतो. मी आजीच्या बाजूने आहे. ज्या घरात वाद्याला पाय लागू नये अशी शिस्त आहे त्या घरातल्या मुलांच्या गिटारी मी चांगल्या स्थितीत बघते. त्यासाठी एक सोपा उपाय: कोपऱ्यात वीतभर उंचीचा रुंद पाट किंवा चौरंग ठेवा आणि त्यावर बुटका स्टँड. पाट स्टँडच्या पायांपेक्षा चारही बाजूंनी मोठा हवा. फरशी पुसताना पाणी लागत नाही, झाडू लागत नाही, पाय लागत नाही. उंच स्टँड मात्र पाटावर चढवू नका. चौथ्या मुद्द्यातलं गणित बिघडतं.

एकच सावधगिरी: वर छताचा पंखा. उंच मुलगा पाटाजवळून गिटार उचलून गळ्यात घालताना तिचं डोकं पात्यांच्या फार जवळ जातं. पंख्याच्या बरोबर खाली जागा नको.

१०. घडी होणारा हवा की नको हे भाद्रपदात कळतं.

महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुढची खोली रिकामी होते. सोफा बाहेर, दिवाण भिंतीला, मखर मध्ये, आणि जेवायला शंभर माणूस. त्या तीन दिवसांत ज्याची घडी होत नाही ते सगळं गच्चीवर जातं. गच्चीवर गिटार गेलेली मला चालत नाही. छोटं घर असेल तर घडीचाच स्टँड घ्या, पण घडीचे रिव्हेट हलवून बघा. हातात धरून झटका दिल्यावर खुळखुळत असेल तर वर्षभरात एक पाय निखळणार.

११. पैसे कुठे घालावेत.

साधा लोखंडी नळीचा स्टँड पाचशे ते हजाराच्या दरम्यान मिळतो आणि शिकणाऱ्याला तो पुरतो. वजनाने आपोआप मान पकडणारे नामांकित कंपन्यांचे स्टँड तीन हजारांच्या पुढे जातात. चार-पाच हजारांच्या गिटारीला एवढा स्टँड मी कधी घ्यायला सांगितला नाही. राहिलेल्या पैशांतून जाड अस्तराची बॅग आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ घ्या. ते काही शेकड्यांत येतं आणि कूलर, पाऊस, ऊन यांचा खरा हिशोब तेच सांगतं.

ऑनलाइन मागवताना फोटोतल्या चकाकीकडे बघू नका. वजन किती लिहिलंय ते वाचा. किलोच्या बऱ्याच खाली असेल तर पुढे जा. घट्ट करायचा स्क्रू प्लॅस्टिकचा असेल तर त्याचे आटे पहिल्या उन्हाळ्यानंतर फिरायला लागतात. आत धातूची चकती आहे का बघा.

१२. पैसेच नसतील तर मोंढ्यात जा.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथं मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. नांदेडच्या नव्या मोंढ्यात किंवा लातूरला गंजगोलाईच्या आसपास पाइपची दुकानं आहेत, आणि पुष्कळांच्या शेतात ठिबकचे, पीव्हीसीचे तुकडे पडूनच असतात. एक इंची पीव्हीसी पाइप, सहा-सात टी आणि एल्बो, चार बूच, आणि प्लंबर वापरतात ते सोल्युशन. खाली आयताकृती चौकट, मागे तिरका टेका, पुढे दोन आडव्या दांड्या. चौकट गिटारीच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरपेक्षा, रुंद घ्या. आधी सोल्युशन न लावता नुसतं जोडा, गिटार ठेवून बघा, टेक्याचा कोन जमवा, मग चिकटवा.

पीव्हीसी हलकं असतं, हा त्याचा एकमेव दोष. त्यावर औशाजवळच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी काढलेला उपाय मी आता सगळ्यांना सांगते: खालच्या चौकटीत कोरडी, चाळलेली वाळू ठासून भरायची आणि मग बूच बसवायचं. एक इंची पाइपच्या मीटरभर लांबीत पाऊण ते एक किलो वाळू मावते. दीड-दोन मीटरची चौकट म्हटली तर दुकानातल्या स्टँडपेक्षा तो जड होतो, आणि सगळं वजन अगदी जमिनीलगत. वाळू ओली असेल तर उन्हात दोन दिवस पसरून वाळवा. चौकट चार कोपऱ्यांची असल्याने शहाबादीवर डुगडुगली तर ज्या कोपऱ्याखाली फट राहते तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन घड्या करून चिकटवा. गिटार टेकते तिथं सुती कापड शिवा, आणि रंग द्यायचाच असेल तर तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत, निदान आठवडाभर, गिटार त्यावर ठेवू नका.